विल्हेवाट

चेन्नईच्या नेपियर पुलावर उभे राहिले, की कूवम नदी बंगालच्या उपसागराला मिळते ती जागा दिसते. मिळते, असे आपले म्हणायचे. किनाऱ्याने सरकणारी वाळू तिच्या मुखाशी बांध घालते आणि मोठा पाऊस येईपर्यंत शहराचे काळे पाणी तेथे तुंबून राहते. येणारा-जाणारा नाकाला रुमाल लावून पावले उचलतो, मीही उचलतो. त्या काळ्या पाण्यात आपल्याही न्हाणीघराचा वाटा असेल, हा विचार रुमालाच्या आत सहसा शिरत नाही.

मुंबईने हा प्रश्न अधिक सफाईने सोडविला. वरळी व वांद्रे येथून समुद्रतळाखालून सुमारे साडेतीन किलोमीटर बोगदे नेले आहेत. त्यांच्या टोकाशी सांडपाणी अनेक तोंडांनी सुटते. खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर चढते आणि चढता चढता विरळ होते. रोगजंतू पुष्कळसे ऊन व मीठ यांनी मरतात. योजना शास्त्रशुद्ध आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु विरळ होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. शुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यातही, खास उपाय योजले नसल्यास, नायट्रोजन व फॉस्फरस बरेच उरतात. त्यांवर शेवाळ माजते, मरते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपविते. मासे गुदमरतात.

मग दोषही असाच विरळ होतो काय? माझ्या एका बादलीने समुद्र बिघडत नाही, हे अगदी खरे. पण लक्षावधी माणसे हेच खरे बोलत असता समुद्र बिघडतो, तेव्हा खोटे नेमके कोठे शिरले? कोणी म्हणेल, मी कर भरतो, पुढचे नगरपालिका पाहील. आम्हां कचेरीतल्या माणसांना हा युक्तिवाद चांगलाच परिचित आहे. कागद दुसऱ्या खात्याकडे रवाना झाला, की आमच्यापुरता तो निकाली! मला वाटते, खोटे आहे ते ‘दूर’ या शब्दात. ज्याला आम्ही दूर म्हणतो, ते कोळ्याचे अंगण असते.

याच शहरात कोयंबेडू व कोडुंगैयूर येथे २०१९ पासून प्रत्येकी दररोज ४.५ कोटी लिटर सांडपाणी पुन्हा शुद्ध करून कारखान्यांना देण्याची सोय झाली आहे. माझ्या घरचे पाणी तिकडे जाते की कूवममध्ये, हे येथे बदलून आल्यापासून मी एकदाही कोणाला विचारलेले नाही.