विद्यार्थ्याचें ओझें कमी करावें काय?

लेंकराच्या डोक्यावरील ओझें उतरविणें ही दया आणि तें तसेंच राहूं देणें ही कठोरता, असें सर्वांस सहज वाटतें. परंतु शिक्षणाच्या बाबतींत ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. ओझें उतरवितांना त्याबरोबर कधीं कधीं मुलाची शिदोरीहि उतरविली जाते, आणि पुढें वाट चालतांना तिची उणीव भासते. उलटपक्षीं, शिदोरी समजून जें आपण त्याच्या डोक्यावर ठेवितों, तें पुष्कळदां आपल्याच हौसेचें गाठोडें असतें. तेव्हां कोणतें ओझें उतरवावें, कोणतें राहूं द्यावें, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नीतीचा आहे. त्याचा विचार आज आम्ही इंग्लंडांतील एका उदाहरणावरून करूं इच्छितों. कारण तेथें विद्यार्थ्याचे विषय इतके थोडे असतात कीं, एक जरी सोडिला तरी त्याचा परिणाम स्पष्ट दिसून येतो.

तिकडे सिक्स्थ फॉर्म म्हणून एक संस्था आहे. हें नांव ऐकून वाचकांनीं आपल्याकडील सहावी इयत्ता मनांत आणूं नये. १६ ते १८ वर्षांच्या मुलांचे शाळेंतील जे शेवटचे दोन वर्ग, त्यांस हें नांव आहे. पूर्वीं तेथील शाळांतून वर्गांची गणना पहिल्यापासून सहाव्यापर्यंत होत असे. आतां त्या दोन वर्गांस वर्ष १२ व वर्ष १३ म्हणतात, तरी जुनें नांव टिकून राहिलें आहे. या वर्गांतील पुष्कळ मुलें ए-लेव्हल नांवाच्या परीक्षेची तयारी करितात. ही परीक्षा १९५१ सालीं सुरू झाली. आपल्याकडे बारावीच्या विद्यार्थ्यास बहुधा सहा विषय असतात. तेथें बहुतेकांस तीन व कांहींस चार. लंडनांत महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें, इतकी आपल्या लोकांची तिकडील वस्ती जुनी आहे. आणि सहा विषयांची संवय घेऊन तिकडे गेलेल्या आईबापांस, तीन विषय म्हणजे काय मोठें ओझें, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडे विषय घेऊन त्यांत खोल जावें, अशी तेथील रीत आहे. एका विषयास दोन वर्षांत मिळून शिकवणीचे सुमारें ३६० तास धरिलेले असतात, व घरच्या अभ्यासाचा वेळ निराळा. म्हणून तीनांतून एक विषय सोडणें हें सहांतून एक सोडण्यासारखें नव्हे.

हा प्रश्न अलीकडे अधिक कठीण झाला आहे, त्याचें कारणहि सांगितलें पाहिजे. २००० सालीं जी रीत सुरू झाली तींत पुष्कळ मुलें पहिल्या वर्षीं चार विषय घेत, वर्षाअखेर प्रत्येकाची ए-एस नांवाची परीक्षा देत, आणि मग एक विषय सोडून उरलेले तीन पुढें नेत. सोडलेल्या विषयाचें प्रमाणपत्र हातीं राही, व सोडण्यांत कोणास लाज वाटत नसे, कारण सर्वच सोडीत. २०१५ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडांत ही रीत टप्प्याटप्प्यानें बदलली. ए-लेव्हलचे गुण मुख्यतः दोन वर्षांच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षांवर ठरूं लागले, आणि ए-एसचे गुण त्यांत धरणें बंद झालें. वेल्समध्यें मात्र ते धरण्याची रीत त्यानंतरहि चालू राहिली. याचा परिणाम असा कीं, इंग्लंडांतील ज्या विद्यार्थ्यानें ए-एसची परीक्षा निराळी दिली नाहीं, त्यानें मध्येंच विषय सोडिला तर त्या श्रमाचें कांहींच प्रमाण त्याच्या हातीं उरत नाहीं. पूर्वीं जें काम नियमच करीत असे, तें आतां विद्यार्थी, आईबाप व शिक्षक यांस स्वतःच्या विवेकानें करावें लागतें.

येथें दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. चार विषयांचे तीन करणें हा एक, आणि तीनांचे दोन करणें हा दुसरा.

पहिल्या प्रकारांत भिण्यासारखें फारसें नाहीं. तेथील बहुतेक विश्वविद्यालयें तीन विषयांतील श्रेणी पाहूनच जागा देऊं करितात. श्रेणींस ठराविक अंक आहेत: ए या श्रेणीस ४८, बी या श्रेणीस ४०. चार विषयांत बी मिळविणाऱ्याचे १६० अंक होतात, व तीन विषयांत ए मिळविणाऱ्याचे १४४. अंकांनीं पाहतां पहिला पुढें आहे. परंतु जें विद्यालय तीन विषयांत ए श्रेणी मागतें, त्याच्या दाराशीं पहिल्यास परत फिरावें लागतें व दुसऱ्यास आंत घेतलें जातें. तेव्हां चौथ्या विषयानें उरलेल्या तिहींस निस्तेज केलें असेल, तर तो सोडण्यांत शहाणपण आहे. यास अपवाद आहे. केंब्रिज येथें गणित शिकूं इच्छिणाऱ्यास गणिताबरोबर पुढील गणित हा निराळा विषयहि लागतो, आणि पुष्कळ ठिकाणीं मुलें तोच चौथा म्हणून घेतात. अशा मुलानें केवळ संख्येकडे पाहून चौथा विषय टाकिला, तर ज्यासाठीं सारी धडपड चालली होती तेंच हातचें जाईल.

दुसरा प्रकार फार गंभीर आहे. समजा, एक मुलगी जीवशास्त्र, रसायन व गणित हे तीन विषय घेऊन डॉक्टर होण्याची उमेद बाळगते. तेथील वैद्यकीय विद्यालयें सामान्यतः तीन विषय मागतात. तिनें गणित सोडिलें, तर त्या दिवशीं तिला विसांवा मिळेल, परंतु दवाखान्याची वाट बहुधा बंद होईल, निदान एका वर्षानें तरी लांबेल. याशिवाय व्यवहाराच्या गोष्टी आहेत. २०१५ पासून इंग्लंडांत १८ वर्षें पूर्ण होईपर्यंत कोणत्या तरी शिक्षणांत असणें हें मुलांचें कर्तव्य ठरलें आहे. शाळेस सरकारांतून पूर्ण रक्कम मिळण्यास १६ व १७ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचे ठराविक तास भरावे लागतात. ते पूर्वीं वर्षास ५४० होते, व २०२२ पासून ५८० झाले. आईबापांस मुलामागें जो सरकारी भत्ता मिळतो, तो १६ वर्षांनंतर चालू राहण्यास आठवड्यास सरासरी १२ तासांहून अधिक शिक्षण लागतें. केवळ दोन विषयांनीं हे तास भरत नाहींत. म्हणजे मुलीच्या एका निर्णयानें शाळेच्या हिशेबांत खोट येते व गरीब घराच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोंचते. विषय सोडण्यापूर्वीं त्याच्या जागीं दुसरें कांहीं हलकें शिक्षण मिळतें काय, हें विचारून घेणें म्हणूनच अवश्य आहे.

आतां हें ठरविणारे कोण, तें पाहूं. पहिली शाळा. ती मुलाचें हित पाहते हें खरें, परंतु तिला आपल्या निकालाची प्रतिष्ठाहि राखावयाची असते, आणि कच्चा विद्यार्थी एखाद्या विषयांतून गेला कीं त्या विषयाचा निकाल उजळ दिसतो. २०१७ सालीं लंडनच्या आग्नेय भागांतील एका नामांकित शाळेनें वर्ष १२ च्या अखेरीस श्रेणी कमी पडलेल्या कांहीं मुलांस पुढील वर्गांत जागा नाकारिली होती. पालकांनीं न्यायालयाची वाट धरिली, तेव्हां शाळेनें माघार घेऊन तीं मुलें परत घेतलीं. सर्वच शाळा अशा असतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विषय सोड असा सल्ला आला, तर तो कोणाच्या सोयीचा आहे हें विचारण्याचा हक्क पालकांस आहे. दुसरे आईबाप. त्यांस मुलाचें कल्याण हवें असतें, परंतु त्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांत सांगण्याची हौसहि मिसळलेली असते. थकलेल्या मुलास, अमक्याचा मुलगा चार विषय घेतो, असें ऐकविणें हा बोध नव्हे. तिसरा स्वतः विद्यार्थी. त्याचा शब्द सर्वांत वजनदार खरा. परंतु सतरा वर्षांच्या मुलास आजचा थकवा आयुष्याएवढा मोठा दिसतो, आणि एका चांचणींत पडलेले गुण विधिलिखित वाटतात. एकंदरींत, तिघांपैकीं कोणाचाच तराजू अगदीं निर्मळ नसतो. म्हणून तिघांनीं एकत्र बसून तोलावें हें बरें.

तोलतांना पहिला प्रश्न हा विचारावा कीं, मूल जें थकलें आहे तें खरोखर विषयांनींच काय? घरीं आई अंथरुणास खिळली असेल, सुटीचे दोन दिवस मुलगा दुकानांत राबत असेल, झोंप उडाली असेल, किंवा सोबत्यांनीं छळ मांडिला असेल, तर एक विषय काढून टाकणें म्हणजे पाय दुखतो म्हणून पागोटें उतरविण्यासारखें आहे. दुखणें तसेंच राहील, व पुढें दुसरा विषयहि सोडावासा वाटेल. अशा वेळीं आधीं दुसरे उपाय पाहावे. २०१० च्या समानतेच्या कायद्याप्रमाणें अपंग विद्यार्थ्यासाठीं वाजवी सोयी करणें हें तेथील शाळांवर बंधनकारक आहे. ज्यास खरी गरज आहे त्यास परीक्षेंत वेळ वाढवून मिळतो. हा वाढीव वेळ बहुधा चतुर्थांश असतो. ऐन परीक्षेच्या काळांत घरीं मृत्यु किंवा गंभीर आजार आला, तर शेंकडा ५ पर्यंत गुणांची सवलत मागतां येते. हे उपाय माहीत नसल्यामुळें जर एखाद्यानें विषय सोडिला, तर तो दोष त्या मुलाचा नव्हे, सांगणाऱ्यांचा आहे.

परंतु सर्व उपाय करूनहि ओझें झेपत नसेल तर? येथें कांहीं सज्जन म्हणतात कीं, हातीं घेतलेलें काम सोडण्याची संवय एकदां लागली कीं जन्मभर सुटत नाहीं, म्हणून वाटेल तें होवो, मुलानें तिन्ही विषय शेवटास न्यावे. चिकाटीचें मोल आम्हांसहि मान्य आहे. परंतु चिकाटी ही हेतूशीं असावी, वस्तूच्या संख्येशीं नव्हे. ज्वारी दाट उगवली तर शेतकरी तिची विरळणी करितो. तो पिकाचा वैरी नव्हे, आणि उपटलेल्या रोपासाठीं त्यास कोणी दोष देत नाहीं, कारण उरलेल्या ताटांस त्यामुळें जागा मिळते. मात्र विरळणीचा हंगाम असतो. कणसें भरल्यावर जो उपटीत बसतो, त्याचें बी गेलें, खत गेलें, आणि उरलेल्यांसहि कांहीं लाभ नाहीं. वर्ष १२ च्या पहिल्या महिन्यांत विषय सोडणें, किंवा बदलणें, ही विरळणी आहे. वर्ष १३ मध्यें परीक्षा दोन महिन्यांवर आली असतां सोडणें ही बहुधा नासाडी आहे. आणि तेव्हां तें केवळ आजारासारख्या मोठ्या कारणावांचून करूं नये.

जेथें कारण खरें व दीर्घकाळचें आहे, तेथें मात्र मोठ्यांनीं संख्येचा अभिमान सोडून द्यावा. तिन्ही विषयांत बुडण्यापेक्षां दोन नीट पार करणें, आणि प्रकृति सुधारल्यावर तिसरा पुढील वर्षीं घेणें, यांत कमीपणा नाहीं. तिसरें वर्ष घेणें सर्वत्र सोपें नसतें हें खरें; १८ वर्षांच्या विद्यार्थ्यामागें शाळेस मिळणारी रक्कम २०१४ सालीं कमी करण्यांत आली, त्यामुळें शाळा का कूं करिते. तरी हें विचारल्याशिवाय सोडूं नये. आणि जें ठरेल त्याचा नफातोटा मुलासमोर उघड मांडावा: अमुक दार बंद होईल, अमुक उघडें राहील, एवढे दिवस वांचतील व त्यांचा उपयोग असा करावयाचा. असें सांगितल्यावर तो जें निवडील तें त्याचें होय. त्याच्या पश्चात् शाळेनें व आईबापांनीं परस्पर ठरविलेलें ओझें, मग तें वाढविलेलें असो कीं घटविलेलें, त्यास परकेंच वाटणार.

यांत एक गोष्ट सर्वांत जपण्यासारखी आहे. विषय कमी केल्यानें मुलाची किंमत कमी झाली, असें त्यास क्षणभरहि वाटूं देतां नये. तुला झेपत नाहीं, म्हणून काढूं या, असें म्हणणारा त्याच्या मनावर डाग पाडतो. तुला कोठें जावयाचें आहे, व त्या वाटेस काय लागेल, असें विचारणारा त्यास विचार करण्यास शिकवितो. शब्दांत भेद थोडा, परिणामांत फार.

वाचकहो, आपल्या गांवच्या शाळेंत सिक्स्थ फॉर्म नाहीं, आणि विषय निवडण्याची मोकळीकहि तितकी नाहीं. तरी शिकवणीचा एक वर्ग अधिक लावावा कीं नाहीं, शेतावरील काम व अभ्यास हीं दोन्ही एका पोरानें ओढावीं कीं नाहीं, हे प्रश्न आपल्याहि घरांत उठतात. आणि पंतोजी किंवा उपदेशक म्हणून आपणांपैकीं पुष्कळांस त्यांवर सल्ला विचारिला जातो. तो देण्यापूर्वीं मुलास जवळ बसवून घ्यावें, तें कशानें थकलें आहे हें त्याच्याच तोंडून ऐकावें, आणि आपण सांगतों त्यांत आपली स्वतःची सोय किंवा हौस किती आहे, हें मनांत तपासावें. एवढें केल्यावर ओझें उतरविण्याचें ठरो वा वाहण्याचें, मुलास त्यांत आपला हात असल्याचें कळेल, आणि तें वाहणें अथवा ठेवणें त्यास अवघड जाणार नाहीं.