उतारवयातला चेहरा

“या वयात आता कशाला एवढं?” सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तोंडाचा कॅन्सर निघाला आणि जबड्याचा भाग काढून तो पुन्हा बांधायचा विषय आला, की घरचं कुणीतरी हा प्रश्न हमखास विचारतं. त्यामागे माया असते, खर्चाची धास्तीही असते. पण म्हाताऱ्या माणसाला आता चेहऱ्याचं काय, असंही त्यात गृहीत धरलेलं असतं. ते मला मुळीच मान्य नाही.

आयुष्यभर तंबाखू मळलेले आजोबा किंवा रोज मिश्री लावणारी आजी, यांचा कॅन्सर बहुधा गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत वाढतो. तो काढताना ओठाचा कोपरा गेला आणि उरलेली कातडी नुसती ओढून शिवली, तर लाळ गळत राहते. चहाचा घोट तोंडात ठरत नाही, प-ब-म नीट उमटत नाहीत. मग माणूस पंगतीला बसायचं टाळतो, लग्नकार्याला जायचं टाळतो, हळूहळू घरातही एकटा जेवू लागतो. चेहरा पुन्हा बांधणं ही हौस नव्हे. चारचौघांत बसून जेवता यावं, बोलता यावं, यासाठीची ती शस्त्रक्रिया आहे.

ही विद्या आपल्या मातीत रुजलेली आहे. १७९३च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाला नवं नाक मिळालं. इंग्रजी फौजेबरोबर असताना टिपूच्या सैनिकांनी त्याचं नाक कापलं होतं. इथल्या एका देशी वैद्याने मेणाचा पत्रा नाकाच्या आकारात बेतला, तो कपाळावर ठेवून रेघ आखली आणि भुवयांमधला देठ शाबूत राखून तेवढी कातडी खाली वळवली. ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. नाकावरच्या त्वचेच्या कॅन्सरसाठी आजही हाच कपाळाचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह वळवलेला तुकडा, वापरतात. साधारण तीन आठवड्यांनी नव्या जागी रक्तपुरवठा रुजला, की देठ कापतात.

उतारवयात काही गोष्टी सोप्या होतात. कातडी सैल असल्याने नाकाशेजारच्या गालातून फ्लॅप घेऊन तोंडातली लहान जखम भरता येते आणि टाक्यांचा व्रण सुरकुतीत मिसळून जातो. जबड्यासाठी पोटरीचं बारीक हाड घेणं मात्र मोठं काम. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या, त्यात आठ-दहा तास सहज जातात. वयाबरोबर पायाच्या धमन्या कडक होतात, म्हणून आधी त्या तपासाव्या लागतात. असे फ्लॅप म्हाताऱ्यांमध्येही तरुणांइतकेच तगतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. धोका असतो तो हृदयाचा, फुप्फुसांचा आणि शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या भ्रमाचा. म्हणून जन्मसालापेक्षा दम किती टिकतो, वजन घटलंय का, जिना चढता येतो का, हे बघणं महत्त्वाचं. रोज शेतात चालणारी ऐंशीची आजी दमेकरी साठीच्या माणसापेक्षा भूल चांगली सोसू शकते.

मोठी शस्त्रक्रिया झेपणारी नसेल, तर छातीच्या स्नायूचा फ्लॅप वर आणून कमी वेळात जखम झाकता येते. आणि सगळं समजून घेतल्यावर रुग्ण ‘नको’ म्हणाला, तर त्या नकाराचाही मान राखायला हवा.

पण तो नकार त्याचा स्वतःचा हवा. आपल्याकडे फाईल मुलाच्या हातात असते, डॉक्टर मुलाशी बोलतात आणि जिच्या तोंडाचा सवाल आहे ती आजी बाकावर बसून असते. डॉक्टरांनी थोडा वेळ काढून तिच्याशी एकटीशी बोलावं. तिला काय खायचंय, कुणाशी बोलायचंय, किती त्रास सोसायची तयारी आहे, हे तिलाच विचारावं. या वयात कशाला, हे ठरवायचा पहिला हक्क तिचा आहे. इतरांनी तिच्या उत्तराला बळ द्यावं.