हजार गोष्टींचा माणूस

बसा. पडवीत भिंत असेल तर तिला पाठ लावा. श्रावणातली संध्याकाळ आहे. लावणी केव्हाच उरकली, गणपतीला अजून अवकाश आहे. नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळणाऱ्या गाड्यांचे हॉर्न इथवर ऐकू येतात, मधूनच कोकण रेल्वेची गाडी धडधडत जाते. येऊ द्या ते आवाज, त्यांच्याशी भांडू नका. आज एका माणसाच्या कामावर मन ठेवायचं आहे, आणि ते काम एवढं मोठं आहे की घाईघाईत त्याचा अंदाजच येत नाही.

माणसाचं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. या नावानं त्यांना फार थोड्यांनी ओळखलं. बाबुराव अर्नाळकर म्हटलं, की आपल्या घरातली सत्तरी ओलांडलेली माणसं मात्र सावरून बसतात. जन्म 1906 चा, मृत्यू 1996 चा. मुंबईत चष्म्याचं दुकान, आणि हजाराहून अधिक रहस्यकथा.

हजार हा आकडा तोंडातून पटकन निघून जातो. तो सावकाश म्हणा. लिहिण्याची चाळीस वर्षं धरली तरी वर्षाला पंचवीस पुस्तकं होतात, म्हणजे महिन्याला दोन. आता एकच पंधरवडा डोळ्यांसमोर आणा. प्रतिपदेला कोऱ्या कागदावर कुठल्याशा बंगल्याचं दार वाजतं, कुणीतरी आत येतं, दिवा विझतो. अष्टमी उजाडेपर्यंत संशय तिघाचौघांत वाटून झालेला असतो. अमावास्येला गुन्हेगार सापडतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. घरात कुणी आजारी असेल, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असेल, पंधरवडा कुणासाठी अडत नाही. लेखनाचा विषय निघाला की आपण स्फूर्तीबद्दल फार बोलतो. रोज ठरल्या वेळी येऊन बसणाऱ्या माणसाबद्दल तितकं बोलत नाही. अर्नाळकरांबद्दल मला पहिला आदर वाटतो तो या बसण्याचा. त्यावर जरा रेंगाळा. पुढे जायची गडबड नाही.

आता त्यातलं एक पुस्तक हातात घ्या. प्रत्यक्ष नसेल तर आठवणीतलं चालेल. अंगानं बारीक, कागद स्वस्तातला, कडांनी तपकिरी पडलेला. पिन गंजली आहे आणि तिचा डाग मधल्या दोन्ही पानांवर उतरला आहे. मुखपृष्ठावर भडक रंग. आत वाचनालयाचा अर्धवट पुसलेला शिक्का. पान उलटलं की कोकणातल्या प्रत्येक जुन्या कागदाला येतो तो पावसाळी ओलीचा वास.

हे पुस्तक इथवर कसं आलं असेल, त्या वाटेनं मनानं उलटे चला. माळ्यावरून खाली उतरा, ट्रंकेपाशी या. ट्रंक चाकरमान्याची. तो शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी आला, तेव्हा मुलांच्या कपड्यांच्या घडीखाली हे पुस्तक होतं. त्याच्या मागे जा, मुंबईपर्यंत. गिरगाव, लालबाग, परळ. एका खोलीत आठदहा गाववाले. पहिल्या पाळीचा उठतो, रात्रपाळीचा त्याच वळकटीवर पडतो. कोपऱ्यावर दिवसाच्या भाड्यानं पुस्तकं देणारं छोटं वाचनालय. भाडं दिवसाचं, म्हणून पुस्तक रात्रीत संपवायचं, आणि संपवायच्या आधी ते खोलीतल्या आणखी दोघांनी वाचायचं. ज्याला सलग वाचता येत नसे त्याला दुसरा वाचून दाखवी. मराठी माणसांच्या दोनतीन पिढ्यांना वाचायची चटक लागली ती अशी, कंदिलाच्या नाहीतर पिवळ्या बल्बच्या उजेडात, पुढे काय झालं या एका ओढीनं. शाळेनं अक्षरओळख करून दिली हे खरं, पण त्या अक्षरांमागे रात्रभर धावायला लावलं ते अर्नाळकरांसारख्यांनी.

पुस्तकात कोण भेटतं? झुंजार आणि काळापहाड भेटतात, कायद्याच्या कुंपणाबाहेर राहून दुर्जनांचा समाचार घेणारे. धनंजय भेटतो आणि त्याचा सोबती छोटू. त्या जोडीवर शेरलॉक होम्स आणि वॉटसनची सावली स्पष्ट आहे. इंग्रजी रहस्यकथांचं ऋण त्या काळच्या पुष्कळ लेखनावर होतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. लंडनच्या धुक्यातली गोष्ट उचलून ती गिरणगावातल्या माणसाला आपली वाटेल अशा मराठीत सांगायची, आणि तीही पंधरवड्याला एक, हे भाषेवर हुकमत असल्याशिवाय जमत नाही.

या गोष्टींत भीती आहे, पण ती वेगळ्या जातीची. खून होतो, पण प्रेताशी लेखक घुटमळत नाही. सज्जन माणूस संकटात पडतो, पण तो सुटणार याची हमी पहिल्या पानापासून असते. घरातल्या कुणासमोरही पुस्तक उघडं ठेवता येई. आता त्या पाळीवाल्याच्या जागी स्वतःला बसवून पाहा. गिरणी पुढच्या महिन्यात चालू राहील की संप होईल, माहीत नाही. गावाहून आलेल्या पत्रात आईचा दमा वाढल्याचं लिहिलंय. जमिनीचा तंटा मामलेदाराकडे किती वर्षं पडून राहील, कुणी सांगू शकत नाही. अशा माणसाच्या हाती थोड्या आण्यांत एक जग येतं, जिथे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळतं. त्याला पळवाट म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एक रात्र काढून पाहावी. शांत झोप ही काही लहान गोष्ट नव्हे.

थोडा वेळ दूरवर जाऊ. इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की या गावच्या रुग्णालयात औषधं देण्याच्या विभागात काम करत होत्या. विषांची माहिती त्यांना तिथे झाली. पुढे त्यांनी 66 रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यांची मिस मार्पल 1930 साली कादंबरीत आली. सेंट मेरी मीड या छोट्या गावात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. तिच्याकडे पिस्तूल नाही, पोलिसी अधिकार नाही. तिची रीत एवढीच: नवा माणूस दिसला की तो आपल्या गावातल्या कुणासारखा वागतो हे आठवायचं.

ही रीत इथे पडवीत बसून करून पाहा. अंगणात पावलं वाजली. कंदील वर करायच्या आत तुम्हाला कळलं आहे कोण ते. चिरे चढताना एक पाय जरा ओढला गेला, म्हणजे अमका. कुत्रा गुरगुरला नाही, म्हणजे वाडीतलाच. आज नेहमीच्या वेळेआधी आला, म्हणजे काहीतरी आहे. घरातल्या आजीला हे सगळं तुमच्या आधी कळलेलं असतं, आणि ती तांदूळ निवडता निवडता एकच प्रश्न विचारते, तोही नेमका. गाव माणसाला असं वाचत असतं. त्यात माया आहे आणि पहाराही आहे. दोन्ही एकाच वेळी जाणवू द्या, एकाला दाबून दुसऱ्याला वर आणू नका. शांत गावातली रहस्यकथा उभी राहते ती या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत.

मराठीत असं लिहिणारे अर्नाळकर एकटे नव्हते. आपल्या शेजारचेच, गोव्याचे गुरुनाथ नाईक. बाराशेहून अधिक कादंबऱ्या लिहून 2021 मध्ये गेले. सुहास शिरवळकरांनी रहस्यकथा ढिगानं लिहिल्या, आज नाव निघतं ते ‘दुनियादारी’चं. वाङ्मयेतिहासाच्या जाड ग्रंथांत या मंडळींच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. मला हे खटकतं. सगळी पुस्तकं थोर होती असा माझा दावा नाही. हजारात घाईची असणारच, एकमेकांसारखीही असणारच. पण ज्यांच्यामुळे वाचनालयांच्या दारात रांगा लागल्या, त्यांचं नाव ओझरतं घेऊन पुढे जाणं हा त्या रांगेतल्या माणसांचाही अनादर आहे.

पुन्हा हातातल्या पुस्तकाकडे या. शेवटचं पान चाचपून पाहा. जुन्या रहस्यकथांत ते पुष्कळदा नसतं. वाळवीनं खाल्लेलं असतं, कुणी फाडून नेलेलं असतं. नसेल तर हळहळू नका. आतापर्यंत काय काय कळलं ते क्रमानं आठवा: दार कुणी उघडलं, खोटं कोण बोललं, उगाच गप्प कोण बसलं. मग तुमचा गुन्हेगार ठरवा. चुकलात तरी बिघडत नाही. चुकवणं हीच तर लेखकाची कारागिरी.

आणि आता उठा. घरात ज्यांची नजर अक्षरावर ठरत नाही असं कुणीतरी असेल, आजोबा, मावशी, शेजारचे काका. ज्याच्या दुकानात लोकांना वाचायचे चष्मे मिळत, त्याच माणसाचं हे पुस्तक आहे. त्यांच्याजवळ बसून पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचा, घाई न करता, संवादांना आवाज देऊन. प्रकरण संपलं की पुस्तक मिटा. ते म्हणतील, वाच की पुढे. वाचू नका. उद्या याच वेळी, म्हणून सांगा.