संपूर्ण फूल, अनेक क्षण

फुलांच्या अगदी जवळून केलेल्या छायाचित्रणात, म्हणजे ज्याला छायाचित्रकार मॅक्रो म्हणतात त्या प्रकारात, प्रकाश आणि रंग यांच्याइतकीच, किंबहुना त्यांहून मोठी अडचण खोलीची असते. भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके केंद्रित होते. त्या अंतराच्या थोडे पुढे आणि थोडे मागे जो पट्टा डोळ्याला पुरेसा स्पष्ट वाटतो, त्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात, आणि वस्तू जितकी जवळ व मोठी करून घ्यावी तितका हा पट्टा झपाट्याने आक्रसत जातो. फूल जेवढे आहे तेवढ्याच आकाराची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटवली, संवेदक फुल-फ्रेम आकाराचा असला आणि अॅपर्चर, म्हणजे भिंगातील प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/८ इतके ठेवले, तर स्पष्टतेचा हा पट्टा जेमतेम १ मिलिमीटरचा उरतो.

छिद्र आणखी लहान केले की पट्टा वाढतो, हे खरे. पण त्या उपायाला भौतिकशास्त्रानेच मर्यादा घातलेली आहे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश कडांपाशी पसरतो, आणि विवर्तन नावाच्या या घटनेमुळे प्रत्येक बिंदूचा एक छोटा धूसर डाग होतो. याच मापाच्या प्रतिमेत एफ/१६ वर पट्टा दुप्पट, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर होतो, परंतु डागाचा व्यासही दुप्पट होऊन तो ०.०४ मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे छिद्र असेच लहान करत गेले, तर संपूर्ण फूल थोडेथोडे दिसते आणि त्याचा कोणताच भाग पूर्ण दिसत नाही. फोकस स्टॅकिंग ही पद्धत या पेचातून वाट काढते. छिद्र मध्यम ठेवायचे, केंद्रबिंदू फुलाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अतिशय लहान पायऱ्यांनी सरकवत अनेक छायाचित्रे घ्यायची, आणि मग संगणकाकडून प्रत्येक चित्रातला फक्त स्पष्ट भाग निवडून त्यांचे एक चित्र रचायचे, असे तिचे स्वरूप आहे. स्पष्ट भाग कोणता हे संगणक शेजारच्या बिंदूंमधील उजेड-अंधाराच्या फरकावरून ठरवतो. पीटर बर्ट आणि एडवर्ड अॅडेल्सन यांनी १९८३ मध्ये प्रतिमेची सूक्ष्म आणि ठळक अशा थरांत विभागणी करण्याची जी रीत मांडली, ती या कामात आजही वापरली जाते. आणि निकॉन डी८५० सारख्या कॅमेऱ्यांत २०१७ पासून केंद्र सरकवण्याचे काम कॅमेराच आपोआप करतो.

या पद्धतीचे मोल समजून घेण्यासाठी दुर्मीळ ऑर्किडकडे जाण्याची गरज नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत पावसाळ्यात मोकळ्या भूखंडांवर, कुंपणांच्या पायथ्याशी आणि ओलसर रस्त्यांच्या कडेला उगवणारा केना हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ज्याच्या पानांची भजी होतात, तोच हा केना. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटून जाते. त्याच्या दोन पाकळ्या मोठ्या व तिसरी लहान असते. दुमडलेल्या हिरव्या छदातून ते बाहेर येते आणि समोर पुंकेसर पुढे आलेले असतात. या फुलात मध नसतो. कीटकांना खेचून घेण्याचे काम बव्हंशी वरच्या बाजूचे पिवळे वंध्य पुंकेसर करतात, आणि पराग देणारे पुंकेसर त्यांच्याखाली वेगळ्या पातळीवर असतात. परागकोशाच्या टोकापासून छदाच्या कडेपर्यंतची खोली १ सेंटिमीटर धरली, तर १ मिलिमीटरच्या पट्ट्याने आणि शेजारची चित्रे एकमेकांवर निम्मी येतील अशा पायरीने जवळजवळ २० चित्रे लागतात. एका चित्रात यांतला एकच अवयव स्पष्ट येतो आणि बाकीचे निळ्या धुक्यात हरवतात. पण फुलाचा सारा व्यवहार तर त्या अवयवांमधल्या अंतरावरच उभा आहे, आणि रचलेल्या चित्रात ते अंतर प्रथमच वाचता येते.

असे चित्र खरे मानावे का, ही शंका रास्त आहे, कारण ते कोणत्याही एका क्षणाचे नसते आणि कोणत्याही डोळ्याला एका दृष्टिक्षेपात तसे दिसत नाही. वनस्पतिचित्रकलेने मात्र ही शंका फार पूर्वीच ओलांडली आहे. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने वनस्पतींची जी चित्रे काढली, ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. त्या चित्रकाराचे नाव कोठे नोंदलेले नाही, याची हळहळ वाटते. वनस्पतिचित्रात पान, कळी आणि केसर सारखेच स्पष्ट असतात, कारण चित्रकाराचा डोळा एकेका भागावर क्रमाने थांबतो आणि हात त्या थांबण्यांचा मेळ घालतो. तरीही एक मूलभूत फरक राहतो. चित्रकार अनेक नमुने पाहून जातीचे प्रातिनिधिक रूप काढतो, किडीने कुरतडलेली पाकळी तो वगळू शकतो. स्टॅक केलेले छायाचित्र मात्र एकाच फुलाचे असते, त्याच्या कुरतडलेल्या कडेसह आणि परागाच्या सांडलेल्या कणासह. जातीच्या वर्णनाइतकी पूर्णता आणि एका व्यक्तीइतके वेगळेपण या दोन्ही गोष्टी एकत्र आणणे, ही या पद्धतीची खरी कमाई आहे, आणि निव्वळ देखण्या चित्रांच्या स्पर्धेत तिला जुंपणे हा तिचा अपव्यय आहे.

तिची किंमत मात्र काळाच्या रूपाने मोजावी लागते. एकामागून एक चित्रे घेतली जात असताना फूल हलले, तर एका पुंकेसराचे दोन होतात. शिवाय पुढची पाकळी अस्पष्ट असताना मागचा भाग झाकून टाकते, त्यामुळे कडांभोवती धूसर वलये उरतात. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर पावसाळी ढगांमुळे उजेड कमी असतो आणि वारा क्वचितच थांबतो. तेथील कळलावीचे फूल, ज्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या, सहा पुंकेसर बाहेर पसरलेले आणि कुक्षिवृंत जवळजवळ काटकोनात वाकलेला असतो, लांब देठावर सतत डुलते. अशा वेळी फूल तोडून घरातल्या टेबलावर नेण्याचा मोह होतो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते आणि तेथे वनस्पती तोडण्यास कायद्याने मनाई आहे. पण कायदा नसता तरी हा मार्ग चुकीचाच ठरला असता, कारण तोडलेले फूल कोमेजू लागते, आणि २० चित्रांपैकी पहिल्या व शेवटच्या चित्रातले फूल तेच राहत नाही. जागेवरच वाऱ्याच्या दोन झुळुकांमध्ये घेतलेली पाच चित्रे आणि मागचा भाग धूसर राहिलेला त्यांचा अपुरा स्टॅक, हे टेबलावरच्या निर्दोष चित्रापेक्षा अधिक मोलाचे आहे.

रचलेले चित्र एका क्षणाचे आहे असा समज मात्र पाहणाऱ्याच्या मनात राहू नये. म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील छायाचित्रकारांनी आपल्या प्रत्येक स्टॅकखाली फुलाचे मराठी नाव, ठिकाण, तारीख, वेळ आणि किती चित्रांतून ते रचले तो आकडा एवढे अवश्य लिहावे.