पुस्तक : दान की ऋण?

विद्यादान परंपरेने श्रेष्ठ मानले. पण दानात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. निवारागृहातल्या मुलाला रद्दीतली पुस्तके देऊन दात्याला समाधान मिळेल, वाचक घडेलच असे नाही. त्याच परंपरेतली ऋषिऋणाची कल्पना अधिक न्याय्य वाटते: ज्ञान उसने मिळालेले असते, ते अध्ययनाने फेडायचे आणि पुढे पोचवायचे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांतही केंद्रस्थानी वाचक आहे, दाता नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय प्रत्येक शाळेला आवश्यक ठरवले. तरी हरवण्याच्या धास्तीने पुस्तके अनेकदा कपाटात कुलूपबंद राहतात. मुलांना हवी असते चटई, उजेड, हात पोचेल अशी फळी. आणि नावडते पुस्तक अर्धवट ठेवण्याची मोकळीकही.