वर्षावास

भिक्षूनं फिरत राहावं, ही बौद्ध संघाची मूळ शिस्त. एका गावात फार दिवस राहिलं की ओळखी होतात, ओळखींची ओढ लागते, आणि मग घर सोडून आल्याचा उपयोग काय? तरीही वर्षातले तीन महिने त्याला एका जागी बसायला लावलं होतं. विनयपिटकात याचं जे कारण दिलंय ते मला फार आवडतं. त्यात ध्यानाची महती नाही की एकांताची. लोकांनी कुरकुर केली, एवढंच. हे श्रमण भर पावसात हिंडतात, हिरवे कोंब तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटं करून बसतात, यांना तेवढंही कळू नये? बुद्धांनी ती कुरकुर ऐकून घेतली आणि वर्षावासाचा नियम घालून दिला. धर्माच्या इतिहासात लोकांच्या तक्रारीची इतकी चोख दखल क्वचितच घेतली गेली असेल.

या नियमाचं दगडातलं रूप पाहायचं तर जुन्नरला जावं. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरी यांच्या कड्यांत मिळून दोनशेच्या वर खोदकामं आहेत. अजिंठा पाहून आलेल्याला ती रुक्ष वाटतात. चित्रं नाहीत, मूर्ती जवळजवळ नाहीत. खोली, खोलीत निजायला दगडी ओटा, बाहेर पावसाचं पाणी साठवणारी पोढी. पण राहायला अजून काय लागतं? लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन आपण परत फिरतो. त्याच दालनाच्या कडेनं ओळीनं असलेल्या खोल्यांकडं बघायला रांग थांबू देत नाही.

खोल्या खोदायला पैसे लागले, आणि ते घाटवाटेनं आले. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडं जायचा. शिलालेखांत देणगीदारांची नावं आहेत. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्तानं दिलं. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. कांस्यकारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींचेही उल्लेख सापडतात. म्हणजे तीन महिने एका जागी बसणाऱ्यांचा खर्च कायम वाटेवर असणारी माणसं करत होती. ही देवघेव मला मोठी समजूतदार वाटते. व्यापाऱ्याला स्वतःला थांबणं परवडत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या थांबण्याची सोय करतो.

आता सगळं उलटं झालंय. उन्हाळाभर घरात बसलेली माणसं पहिला पाऊस पडला की बाहेर पडतात. माळशेज, नाणेघाट, दुर्गवाडी, आहुपे. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, आणि भर पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला धबधब्यांवर बंदीचे आदेश काढावे लागतात. सुलसदत्ताच्या कल्याणहून येणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही.

आम्ही मित्रही त्यांतलेच. कॉलेजातले, आता केस पिकलेले. घोडेगाव सोडलं की डिंभे धरणाचा फुगवटा लागतो. तिथं गाडी थांबवायची, फोटो काढायचे, कुणीतरी ‘अगदी स्वित्झर्लंड’ म्हणायचं, हा ठरलेला विधी. या पाण्याखाली आंबेगाव आहे. ज्याच्या नावानं अख्खा तालुका ओळखला जातो ते गाव. कचेऱ्या घोडेगावात, बाजारपेठ मंचरला, आणि नाव तेवढं बुडालेल्या गावाचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. घोड नदीचं हे पाणी कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी थेट श्रीगोंदा-कर्जतपर्यंत जातं. त्याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही, धरणं लागतातच. पण ज्या निळ्या विस्ताराला आपण निसर्ग म्हणतो तो पाटबंधारे खात्यानं केलेला आहे, एवढं तरी डोक्यात असावं.

पुढं माळीणचा फाटा येतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी इथला डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. नवं माळीण २०१७ साली आमडे गावाच्या हद्दीत उभं राहिलं. फाट्यावरून जाताना गाडीतली गाणी बंद होतात आणि पुढच्या वळणावर परत सुरू होतात. यात दांभिकपणा आहे असं मी म्हणणार नाही. पण धबधब्याचा उतार आणि कोसळणारा उतार लांबून सारखेच दिसतात. कुठल्या उताराखाली झोपायचं हे ज्याला ठरवावं लागत नाही, त्यालाच तो नुसता सुंदर दिसतो.

आहुपे सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे. उघडीप असली तर कड्यावरून खाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, त्यापलीकडं मुरबाडकडचा कोकण. एका खेपेला आम्हाला यातलं काहीएक दिसलं नाही. गेल्यापासून धुकं होतं ते निघेपर्यंत. देवराईच्या कडेनं चिखल तुडवत कड्यापर्यंत जायचो, पांढऱ्या भिंतीकडं पाहायचो आणि परत यायचो. फोटोवाला मित्र वैतागला. मला मात्र धुक्याचे उपकार वाटले, कारण पाहायला काही नसल्यामुळं आम्ही पहिल्यांदाच घरात बसलो.

घर एका महादेव कोळी कुटुंबाचं. ऐन आवणीचे दिवस. भाताची रोपं वाफ्यातून उपटून चिखलात लावायची वेळ हुकली तर वर्ष हुकलं, आणि नेमक्या त्याच दिवसांत शहरातल्या पाहुण्यांना डोंगर आठवतात. ‘भाकरी सकाळीच थापून ठेवल्यात, कालवण चुलीवर हाय. तुमी हातानं घ्या वाढून,’ असं सांगून मावशी घोंगता डोक्यावर घेऊन खाचरात गेल्या. आम्ही दिलेल्या पैशांचा त्यांना उपयोग होता; इथं पावसाळ्यात हाती रोख येण्याचे मार्ग थोडे, हिरड्याचा हंगामही उरकलेला. पण भाव ठरवून राहायला आलेल्यांसाठी आवणीच्या दिवशी पहाटे उठून भाकऱ्या थापणं, हे काही त्या भावात बसत नव्हतं. आमच्या भोजनमंडपाचं दान मावशींकडून येत होतं, आणि शिलालेख खोदायला त्यांच्याकडं ना दगड ना सवड.

वर्षावासासारखाच आपल्याकडं चातुर्मास आहे. जैन मुनी आजही तो कडक पाळतात. थायलंडमध्ये तर तो अजून सगळ्या समाजाचा आहे. हल्ली आपले मित्रांचे कंपू चियांग माईच्या डोंगरांत जातात, तिथल्या प्रत्येक विहारात पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू मुक्कामाला बांधलेले असतात. कित्येक तरुण तेवढ्यापुरती चीवरं घालतात आणि मग परत नोकरी-संसाराला लागतात. सरकारी नोकराला त्यासाठी रजासुद्धा मिळते. भिक्षूचं संघातलं वय वर्षावासांवर मोजलं जातं. आपले वडीलधारे ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतात, त्यांचंही गणित तेच.

यातला मला सर्वांत धीट वाटणारा भाग शेवटी येतो. आषाढी पौर्णिमा उलटल्यावर सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला संपतो. त्या दिवशी प्रवारणा. प्रत्येक भिक्षू सोबत्यांपुढं बसून विनंती करतो : माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसता संशय आला असेल, तरी सांगा. तीन महिने एका छपराखाली काढल्यावर कुणाचं काय चुकतं हे सगळ्यांना ठाऊक असतंच. प्रश्न ते तोंडावर सांगण्याचा, आणि त्याहून अवघड म्हणजे आपण होऊन विचारण्याचा. आमच्यासारख्यांच्या मैत्रीत ही वेळ येत नाही, कारण आम्ही तेवढे दिवस थांबत नाही. पहिल्या रात्री प्राध्यापकांच्या नकला, दुसऱ्या सकाळी धबधबा, दुपारी परतीचा रस्ता. जुन्या मैत्रीला सहल सोसते ती बहुधा यामुळंच.

धुक्यात अडकलेल्या त्या दुपारी नकला संपल्या होत्या आणि फोनला रेंज नव्हती. मी प्रवारणेची गोष्ट सांगितली. गंमत म्हणून एकानं ती सुरू केली. ‘माझं काही चुकलं असेल तर सांगा रे,’ असं तो हात जोडून म्हणाला, आणि दुसरा लगेच म्हणाला, ‘माझ्याकडनं घेतलेले पैसे तू वेळेवर परत केलेस. पण तेव्हापासून घरी यायचा बंद झालास.’

हसणं थांबलं. पहिला म्हणाला, ‘वहिनींनी ते माझ्यासमोर दोनदा मोजले होते.’

मग रीतसर भांडण झालं, आवाज चढवून, जुन्या तारखांसकट, आणि बाकीचेही त्यात आपापली उधारी घेऊन उतरले. मावशी खाचरातून परतल्या तेव्हा ते रंगात आलं होतं. त्यांनी घोंगता झटकून खुंटीला लावला, चूल फुंकली आणि विचारलं, ‘च्या किती जणांचा टाकू?’