दोन फटक्यांचा फरक

संध्याकाळी कॅश जुळली नाही तर बँकेतून कोणी हलत नाही. फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, तो सापडेपर्यंत चहा आणि एकमेकांचा उद्धार चालू राहतो. वीस वर्षं या शिस्तीत काढल्यामुळे मी प्रामाणिक माणूस आहे, अशी माझी समजूत होती. ती ॲरिझोनात एका निवडुंगाने मोडली.

माझा धाकटा मेहुणा तिकडे टूसान शहरात असतो. सुटी काढून आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. एके सकाळी तो म्हणाला, "भाऊजी, चला, गोल्फ खेळू." मी म्हटलं, चेंडू जागचा हलत नाही, मागे यष्टिरक्षक नाही, यात अवघड ते काय?

व्हेंटाना कॅन्यनचं ते मैदान सांता कॅटलिना डोंगराच्या पायथ्याशी आहे. मैदान म्हणजे काय, तर वाळवंट, खडक, दऱ्या आणि मधे मधे हिरवळीची ठिगळं. ॲरिझोनाने १९८० साली भूजलाचा कायदा केला, तेव्हापासून तिथे पाण्याचाही हिशेब द्यावा लागतो; त्यामुळे हिरवळ रेशनवर. बाकी सगळीकडे सगुआरो नावाचे घरापेक्षा उंच निवडुंग हात वर करून उभे. त्यांना पहिला हात फुटायलाच कित्येकदा पाऊणशे वर्षं लागतात. आमच्या प्रमोशनची मला उगीचच आठवण झाली.

तिथलं तिसरं होल फक्त १०७ यार्डांचं. ते बांधायला दहा लाख डॉलर लागले म्हणतात. म्हणजे यार्डाला नऊ हजार डॉलरच्या वर. हा भागाकार मी उभ्या उभ्याच केला. पुढे दरी, दरीपलीकडे खडकांच्या कुशीत हिरवळ. माझा चेंडू कसाबसा दरीपार गेला आणि चोला नावाच्या काटेरी झुडपाखाली जाऊन बसला. मेहुणा पाठमोरा, स्वतःचा चेंडू शोधण्यात गर्क. मी इकडे तिकडे पाहिलं आणि चेंडू बुटाने हळूच हिरवळीकडे सरकवला.

पुढचे चार फटके रीतसर मारले. "किती?" मेहुण्याने विचारलं.

"पाच," मी म्हणालो. त्याने लिहिले.

चोला हे जरा विचित्र झाड आहे. नुसता स्पर्श झाला तरी त्याचा तुकडा सुटून चिकटतो. माझ्या कॅनव्हासच्या बुटातून काटे अंगठ्यात शिरले होते. चौथ्या होलशी मला चालवेना. मेहुण्याने पिशवीतून कंगवा काढला (तिथले लोक या कामासाठी कंगवा बाळगतात) आणि तुकडा उडवला. "चालताना लागला असेल," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

काटे उपटता उपटता तो बॉबी जोन्सची गोष्ट सांगू लागला. १९२५ची यूएस ओपन. गवतात चेंडू किंचित हलला, तो फक्त जोन्सने पाहिला. पंचांनी चौकशी केली, कोणालाच काही दिसलं नव्हतं. तरी याने हट्टाने एक फटका दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक फेऱ्यांत एका फटक्याने तो हरला. लोक कौतुक करायला लागले तर म्हणे तो म्हणाला, की बँक लुटली नाही म्हणून कोणाचं कौतुक करता का?

नेमकी बँकच आठवायची होती त्याला!

"समजा, कोणी चेंडू हाताने-पायाने हलवून तसाच खेळला, तर?" मी सामान्य ज्ञान वाढवण्याच्या सुरात विचारलं.

"दोन फटके दंड."

मी कार्ड मागून घेतलं. गोल्फच्या त्या टीचभर पेन्सिलीला खोडरबर नसतो. आमच्याकडेही खोडायला परवानगी नाही. पाचावर एक रेघ मारली, वर सात लिहिले आणि बाजूला इनिशियल केली. मेहुणा खो खो हसला. "अहो भाऊजी, पैज थोडीच होती!"

पण अंगठा ठणकत नसता तर मी कार्ड मागितलं असतं का? ही एन्ट्री माझ्याच्याने अजून जुळलेली नाही. रात्री पायाला हळद लावताना बायकोला सगळं सांगितलं.

"बाळूला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "चालताना लागलेला काटा बुटाच्या कडेला लागतो. तुमच्या चवड्याच्या टोकाला होता."

"मग तो बोलला का नाही?"

"घरचे जावई तुम्ही. तो कसा बोलणार?"